छपराखालील समुद्रकिनारा

जर्मनीची राजधानी बर्लिन. तिच्या दक्षिणेस सुमारे साठ किलोमीटरवर, पाइन वृक्षांच्या सपाट जंगलात एक गोदाम उभे आहे. गोदाम हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे, कारण आमच्या मानकोलीच्या माणसाला ते पाहताक्षणी दुसरे काही सुचणे शक्य नाही. लांबी ३६० मीटर, रुंदी २१० मीटर, उंची १०७ मीटर. आतील जमीन सुमारे ६६,००० चौरस मीटर, म्हणजे सात लाख चौरस फुटांहून थोडी अधिक. चौरस फुटांचा हिशेब मी आपल्या वाचकांसाठी मुद्दाम करून घेतला. भाड्याचा दर मनात आल्याशिवाय आपल्याला क्षेत्रफळ उमगत नाही! एवढ्या सोळा एकरांच्या जागेत मध्ये एकही खांब नाही. पोलादाच्या महाकाय कमानींवर सारे छप्पर तोललेले आहे. मानकोली नाक्यावरून अंजूर फाट्याकडे जाताना अलीकडे जी उंच, नव्या धाटणीची गोदामे दिसतात, त्यांची आतील उंची बारा मीटर असली तरी दलाल ती अभिमानाने सांगतो. येथे मुंबई विद्यापीठाचा ८५ मीटर उंचीचा राजाबाई टॉवर कळसासकट उभा केला, तरी वर वीस मीटर मोकळे राहतील.

या गोदामात माल नाही. आत समुद्रकिनारा आहे, वाळू आहे, घनदाट झाडी आहे, आणि शेकडो माणसे मुक्कामाला राहतील असे एक हॉटेल आहे. त्याचे नाव ‘ट्रॉपिकल आयलंड्स’, अर्थात उष्ण कटिबंधातील बेटे. बाहेर बर्फ साचलेले असो की गोठवणारा वारा सुटलेला असो, आत बाराही महिने, रात्रंदिवस २६ अंश सेल्सिअस तापमान राखलेले असते.

आमची कन्या व जावईबापू नोकरीनिमित्त बर्लिनला असतात. गेल्या जानेवारीत सौ. व मी त्यांच्याकडे गेलो होतो. आठवडाभर घरातील खिडकीतून राखाडी आकाश पाहून सौ. कंटाळली, तेव्हा जावईबापू म्हणाले, “पप्पाजी, तुम्हाला आता ठाण्याच्या हवेत घेऊन जातो.” मला ती थट्टा वाटली. बर्लिनहून तासाभराच्या आगगाडीच्या प्रवासानंतर आम्ही ‘ब्रँड’ नावाच्या लहानशा स्थानकावर उतरलो. या स्थानकाच्या नावालाच आता ‘ट्रॉपिकल आयलंड्स’ हे शब्द जोडलेले आहेत. फलाटावर शून्याखाली चार अंश तापमान होते. स्थानकापासून बस फुकट नेते. झाडी संपली आणि मोकळ्या माळावर ती प्रचंड रुपेरी पाठ दिसली, एखादा महाकाय प्राणी गुडघे टेकून बसावा तशी.

प्रवेशद्वारी मनगटावर एक पट्टा बांधतात. त्यात चकती असते. आत खाणेपिणे, खेळ, काहीही घेतले की तो पट्टा यंत्रापुढे धरायचा. पैसे बाहेर पडताना. आमच्या पेढ्यांवर पूर्वी जसे खाते चालत असे, वर्षाअखेरीस बेरीज, तसाच हा प्रकार. माणसाच्या हातून रोकडा सुटत नाही तोवर त्याला खर्च जाणवत नाही, हे ज्याला कळले त्याने हॉटेलाचे अर्धे गणित सोडवले असे समजावे.

कपडे बदलून आत पाऊल टाकले आणि चष्म्यावर वाफ धरली. तो ओला, मातीचा, पानांचा वास ओळखीचा होता. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात खाडीकडून येतो तसा. मध्यभागी सुमारे ५०,००० रोपांचे जंगल लावलेले आहे, ६०० जातींचे. पायवाटेने चालताना केळी, पाम, वेली, ओघळते पाणी. जर्मन कुटुंबे केळीच्या झाडासमोर उभी राहून छायाचित्रे काढत होती. सौ.ने अगदी गंभीरपणे मला विचारले, “आपल्या परसातल्या केळीचे तिकीट किती ठेवायचे?”

जंगलापलीकडे बाली, बोर्निओ, थायलंड, सामोआ इत्यादी ठिकाणच्या घरांच्या धर्तीवर बांधलेली वस्ती आहे. एका अंगास ‘दक्षिण समुद्र’ म्हणजे पोहण्याचा विस्तीर्ण तलाव व त्याला लागून वाळूचा किनारा. पाणी २८ अंशांचे. दुसऱ्या बाजूस त्याहून उबदार असे सरोवर. समुद्राच्या पैलतीरी क्षितिज कुठून आणणार? तेथे निळ्या आकाशाचा व ढगांचा एक अजस्र पडदा ताणलेला आहे. प्रथम हसू येते. पण अर्ध्या तासाने डोळा त्या पडद्याला सरावतो आणि आपण त्याच्याकडे पाठ करून नव्हे, तोंड करून बसू लागतो, हे मला माझ्यावरूनच दिसले. छपराच्या पोटात मात्र पाहू नये. तिकडे नजर गेली की पोलादी कमानी दिसतात आणि आपण गोदामात आहोत याची आठवण होते.

जंगलातील पाण्याजवळ रोहित पक्षी आहेत. नातवाने आनंदाने मला ओढत तेथे नेले. मी त्याला सांगितले की, आमच्या ठाण्याच्या खाडीत दर हिवाळ्यात असे पक्षी हजारोंच्या संख्येने उतरतात, त्यांना कोणी आणत नाही व कोणी पिंजऱ्यात ठेवत नाही. २०१५ साली त्या खाडीचा भाग अभयारण्य म्हणून जाहीर झाला व २०२२ साली त्याला रामसर पाणथळ जागेचा आंतरराष्ट्रीय दर्जाही मिळाला. “मग आजोबा, तुम्ही रोज बघता?” त्याने विचारले. कशेळीच्या पुलावरून मी चाळीस वर्षे ये-जा केली. खाडीकडे मान वळवण्याइतकी फुरसत तेव्हा क्वचितच मिळाली, एवढेच उत्तर मला देता आले.

आपल्या वाचकांच्या मनात पहिला प्रश्न जेवणाचा आला असेल. जर्मन ताटात बटाटा नसेल तर ते ताटच नव्हे. कंदमूळ वर्ज्य असणाऱ्याने तेथे फळे, कोशिंबीर व पावावर भागवावे. आम्ही खाखरे व सुके नाश्ते आगगाडीतच उरकून घेतले होते. खरी अडचण निराळी होती. बर्लिनकडे जानेवारीच्या आरंभी सूर्य सकाळी आठनंतर उगवतो व दुपारी चारनंतर थोड्याच वेळात मावळतो. चौविहार पाळणाऱ्याला दिवस म्हणून जेमतेम आठ तास मिळतात. आत मात्र दिवे, ऊब आणि गर्दी, त्यामुळे चार वाजले तरी भर दुपार असल्यासारखे वाटते. सौ. पावणेचारला उठली आणि दक्षिणेकडील पारदर्शक छपराखाली जाऊन उभी राहिली. वरचा उजेड पिवळसर होऊन फिका पडत चालला होता. तिने लगेच पाणी पिऊन घेतले. त्या सोळा एकरांत खऱ्या सूर्याकडे पाहून वेळ ठरवणारी ती बहुधा एकटीच असेल.

या प्रसंगी मला राजाबाई टॉवर पुन्हा आठवला. प्रेमचंद रायचंद यांनी त्या मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले व त्याला आपल्या मातोश्रींचे नाव द्यावे अशी अट घातली. मातोश्री अंध होत्या. सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची वेळ त्यांना घड्याळाच्या टोल्यांवरून कळावी हा त्यामागील हेतू, असे आपल्या समाजात पिढ्यानुपिढ्या सांगितले जाते. परंतु प्रेमचंद शेटजींचे नाव येथे घेण्याचे दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. ते कळण्यासाठी हे गोदाम आधी कशासाठी बांधले होते ते पाहावे लागेल.

ही जागा मूळची लष्करी विमानतळाची. १९३८ साली जर्मन हवाई दलाने तो बांधला, १९४५ साली तो सोव्हिएत सैन्याच्या ताब्यात गेला आणि दोन्ही जर्मनी एक झाल्यानंतर १९९२ साली जर्मन सरकारकडे परत आला. पुढे १९९६ साली ‘कार्गोलिफ्टर’ नावाची कंपनी निघाली. तिची योजना अशी की, हेलियम वायूने भरलेले २६० मीटर लांबीचे एक हवाई जहाज बांधायचे; ते १६० टन वजनाची यंत्रसामग्री उचलून, रस्ते व पूल टाळून, थेट कारखान्याच्या दारात उतरवील. कल्पना वाईट नव्हती. ट्रेलरवर लादलेले प्रचंड यंत्र मानकोलीच्या वळणावर अडकून तासभर वाहतूक तुंबते तेव्हा अशा जहाजाची आठवण कोणालाही व्हावी. हे जहाज बांधण्यासाठी आधी त्याला मावेल असे घर हवे म्हणून हा हँगर उभारला गेला. त्याला ७ कोटी ८० लाख युरो खर्च आला. दोन्ही टोकांना शिंपल्यासारखी उघडणारी अर्धगोल दारे बसवली. २००० साली इमारत तयार झाली व त्याच वर्षी कंपनीचे समभाग बाजारात आले. सुमारे सत्तर हजार भागधारक झाले, त्यांतील बहुतेक छोटे बचतदार.

जहाज कधीच बांधले गेले नाही. एक लहानसे प्रायोगिक जहाज तेवढे उडाले. जून २००२ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि छोट्या भागधारकांचे पैसे बुडाले.

माझी नोकरीची बरीच वर्षे तारण मालाच्या तपासणीत गेली. स्टॉक स्टेटमेंट हातात घेऊन भिवंडीच्या गाळ्यागाळ्यांतून तागे मोजायचे, पत्र्याखालच्या उकाड्यात, मे महिन्यात. त्या सवयीमुळे असेल, त्या किनाऱ्यावर आरामखुर्चीत पडल्यापडल्या मी या हँगरचे तारणमूल्य काढू लागलो. ज्या इमारतीचा उपयोग एकाच कामासाठी, तिची किंमत ते काम चालू आहे तोवरच. जहाज गेले की १०७ मीटर उंचीचे काय करायचे? एवढी उंची मालाला लागत नाही. पाडायचे म्हटले तरी खर्च. कोणत्याही शाखाधिकाऱ्याने अशा कर्जाच्या कागदावर लाल शेरा मारला असता.

आणि येथे १८६५ सालची मुंबई डोळ्यांपुढे येते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. बॅक बे भराव योजनेच्या पाच हजार रुपयांच्या समभागाची बोली पन्नास हजारांपर्यंत गेली. या साऱ्या उलाढालीच्या केंद्रस्थानी प्रेमचंद रायचंद होते. युद्ध थांबले, कापूस पडला, कंपन्यांमागून कंपन्या बुडाल्या, पुढे बँक ऑफ बॉम्बेही गेली. शेटजींचेही अपरिमित नुकसान झाले. तेजीच्या काळात दिलेल्या देणगीतून मनोऱ्याचे काम मात्र १८६९ साली सुरू झाले व १८७८ साली तो पूर्ण झाला. आज त्या कंपन्यांची नावे अभ्यासकांखेरीज कोणाला माहीत नाहीत आणि मनोऱ्याचे घड्याळ चालू आहे. मनोरा टिकला, कारण तो कोणत्याही एका धंद्यासाठी बांधलेला नव्हता. कार्गोलिफ्टरचा हँगर नेमका उलट जातीचा होता. तरीही तो टिकला, हे मला जास्त विलक्षण वाटते.

तो टिकला तो एका मलेशियन उद्योगसमूहामुळे. तान्जोंग या कंपनीने कॉलिन आऊ या उद्योजकाच्या भागीदारीत तो १ कोटी ७५ लाख युरोंना घेतला, म्हणजे बांधकाम खर्चाच्या चतुर्थांशाहूनही कमी किमतीत, आणि त्यातही ब्रांडेनबुर्ग राज्य सरकारचा हातभार होता. उष्ण प्रदेशातील माणसानेच ही कल्पना काढावी हे मला अर्थपूर्ण वाटते. आपल्याला जो उकाडा फुकट मिळतो तो विकण्याजोगा माल आहे, हे थंड देशातील माणसाच्या कदाचित ध्यानात आले नसते. डिसेंबर २००४ मध्ये हे स्थळ उघडले.

सुरुवात कठीण गेली. अपेक्षेइतके लोक आले नाहीत. झाडेही नीट धरेनात, कारण हवाई जहाजाला उजेडाची गरज नसते व त्याच्या घराचे छप्पर त्याप्रमाणे बंद होते. २००५ साली दक्षिण अंगाचे सुमारे २०,००० चौरस मीटर आच्छादन काढून तेथे पारदर्शक पडद्याच्या उशा बसवल्या. दोन पदरांत हवा कोंडलेली असल्यामुळे त्या रजईसारखे काम करतात: ऊब आत ठेवतात व ऊन आत सोडतात. त्यानंतर जंगल वाढले. मग व्यवस्थापनाच्या लक्षात आले की, एका दिवसाच्या तिकिटावर हे घर चालणार नाही, माणूस रात्री राहिला पाहिजे. वाळूजवळ तंबू आले, मग खोल्या आल्या, पुढे बाहेरील जुन्या धावपट्टीच्या आवारात निवासी घरे व उघड्यावरील तलावही आले. पोहण्याच्या जागेचे हॉटेल झाले ते असे. अखेर २०१८च्या अखेरीस एका स्पॅनिश कंपनीने हे सारे २२ कोटी ६० लाख युरोंना विकत घेण्याचा करार केला.

७.८, १.७५ आणि २२.६. हे तीन आकडे मी हॉटेलच्या कागदी रुमालावर एकाखाली एक लिहिले. मधल्या काळात ओतलेले भांडवल त्यात नाही, हे मान्य. त्यामुळे नफ्याचा आकडा यातून निघत नाही. पण तारणमूल्याविषयी चाळीस वर्षे जे मानत आलो त्याला हे तीन आकडे छेद देतात.

जावईबापूंनी हळूच दुसरी बाजू मांडली. “हे गरम ठेवायला किती लागत असेल, पप्पाजी?” आतील हवा ५५ लाख घनमीटर आहे. गरम हवा वर जाते, म्हणजे माणसाच्या डोक्यावरचे शंभर मीटर आधी तापवायचे आणि मग उरलेली ऊब वाळूवर. हजार लहान घरांपेक्षा एका मोठ्या दालनाला भिंती-छप्पर प्रमाणाने कमी लागते, हा फायदा खरा. पण जंगलाला व तलावाला सुट्टी नसते. पाहुणे आले नाहीत तरी केळीला २६ अंश पाहिजेतच. गोदाम रिकामे पडले तर आपण शटर ओढून कुलूप लावतो. येथे कुलूप लावले की आठवड्यात सारे मरेल. जिवंत गोष्टींचा धंदा करणाऱ्याने हा खर्च आधी मांडावा.

आपणही उलट दिशेने हेच करत आलो आहोत. मे महिन्यात माथेरान, महाबळेश्वर. आता तर मॉलमध्ये कृत्रिम बर्फ. माथेरानची गाडी १९०७ साली सुरू झाली तीही मुंबईच्या उकाड्यातून सुटू पाहणाऱ्यांसाठीच. मात्र डोंगराची थंडी डोंगर सांभाळतो, तिचे वीजबिल येत नाही.

रात्री आम्ही खोलीत झोपलो, मुले तंबूत. दिवे मंद झाले तरी पूर्ण अंधार होत नाही. पाण्याचा व कुठल्याशा पंख्यांचा एकसारखा घुमणारा आवाज येत राहतो. पहाटे चारला जाग आली तेव्हा शेजारच्या वाळूवर एक वृद्ध जर्मन जोडपे टॉवेल अंथरून, हातात हात घेऊन, त्या रंगवलेल्या आकाशाकडे पाहत बसले होते. त्यांना खोटे काही वाटत असावे असे दिसले नाही. बाहेर त्या वेळी शून्याखाली सात होते.

परत आल्यावर मानकोलीकडे पाहण्याची दृष्टी थोडी बदलली आहे. आपली गोदामे येथे का आली हे जुन्या व्यापाऱ्यांना ठाऊक आहे. मुंबईत माल नेला की जकात. म्हणून हद्दीबाहेर साठवायचा आणि विकेल तसा आत न्यायचा. भातखाचरांवर भराव पडले, गाळे उठले. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला व मुंबईची जकात गेली. गोदामांचे मूळ कारणच संपले. त्या सुमारास ‘आता हे पत्रे भंगारात जाणार’ अशी चर्चा मी स्वतः ऐकली आहे. घडले उलटेच. राज्याराज्यांत माल विखरून ठेवण्याची गरज कमी झाल्याने मोठ्या कंपन्यांना एकाच ठिकाणी अवाढव्य गोदाम हवे झाले, घरपोच विक्रीचा व्यापार वाढला आणि भिवंडीचे भाव चढले. आपली इमारतही आपल्या धंद्यामागे जिवंत राहिली, ती साधी, चौकोनी, कशालाही चालणारी होती म्हणून.

आमच्या कुटुंबाचा मानकोलीजवळ दोन एकरांचा बिनशेती तुकडा आहे. वडिलांच्या वेळेपासून कडेला आंब्याची झाडे आहेत. मोठ्या बंधूंनी व पुतण्याने तेथे गोदाम बांधायचे ठरवले आहे. एका कंपनीने आपल्या गरजेप्रमाणे शीतगृह बांधून मागितले आहे. करार नऊ वर्षांचा, पण पहिल्या तीन वर्षांनंतर भाडेकरूला जाण्याची मुभा. भाडे उत्तम आहे. नकाशा पुढ्यात आला तेव्हा मी विचारले की, तीन वर्षांनी ते गेले तर त्या जाड भिंतींच्या, खिडकीविरहित, उणे तापमानाच्या खोल्यांचे आपण काय करणार? बंधू हसले. “तू बँकेतून निवृत्त झालास, बँक अजून तुझ्यातून निवृत्त झालेली नाही.”

मी त्यांना जर्मनीतील हकिकत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि नेमका प्रश्न विचारला: “मलेशियाचा माणूस आला म्हणून तुमचे गोदाम वाचले. आपल्या दारात कोण येणार आहे?” याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. हँगर एक वाचला. असे न वाचलेले किती असतील.

पुतण्याने मात्र दुसरा नकाशा करून आणला. त्यात शीतगृहाच्या भिंती मूळ शेडच्या आत, पुढे उतरवता येतील अशा पटलांच्या आहेत. बाहेरचे छप्पर बारा मीटर उंच, खांब कमी, आणि छपरात ठराविक अंतरावर उजेडाच्या पारदर्शक पट्ट्या, ज्यांचा शीतगृहाला आज काहीएक उपयोग नाही. खर्च बराच वाढतो. माल उतरवण्याचा धक्का त्याने पूर्वेकडे सरकवला, त्यामुळे पाचांपैकी तीन आंबे वाचतात. बंधूंनी नकाशा ठेवून घेतला आहे. कंपनीला उत्तर देण्याची मुदत अक्षय्य तृतीयेपर्यंत आहे.